पडद्यावरचे राजे, कागदातले राजे

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातून आत शिरले की समोर दिसतात ती नुसती जोती. दगडी चौथरे, त्यांच्यामधली हिरवळ, कमळाच्या आकाराचे कारंजे आणि भोवती तट. मध्यंतरी तिथे गेलो असताना सात-आठ वर्षांची एक मुलगी वडिलांचा हात ओढत विचारत होती, "बाबा, तो आरशांचा महाल कुठेय?" वडिलांनी एका जोत्याकडे बोट दाखवले. "इथेच असणार. जळला तो." मुलगी बराच वेळ त्या रिकाम्या चौथऱ्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर कोणता महाल उभा होता हे ओळखणे अवघड नव्हते. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या 'बाजीराव मस्तानी'ने तो लाखो प्रेक्षकांच्या मनात बांधून ठेवला आहे.

वडिलांचे उत्तर अर्धे बरोबर होते. वाड्यात 'जुना आरसे महाल' नावाचे दालन होते, आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत वाड्याचे बहुतेक सगळे लाकूडकाम भस्मसात झाले. पण पडद्यावर दिसतो तो काचेचा झगमगाट आमेरच्या शीशमहालाच्या वळणाचा आहे. बाजीरावांच्या वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी, आणि खर्च आला १६,११० रुपये. लाकूड जुन्नरच्या रानातले, दगड चिंचवडच्या खाणीतला आणि चुना जेजुरीकडचा. सागवानी खांब, कोरीव तुळया आणि चौकाभोवतीच्या पडव्या हे मराठी वाड्याचे रूप. त्यालाही स्वतःची ऐट होती. ती त्या मुलीने कधी पाहिलेली नाही, आणि आता पाहायला शिल्लकही नाही. रिकाम्या जोत्यावर चित्रपट जो महाल उभा करतो, तोच पुढच्या पिढीचा इतिहास होऊन बसतो.

म्हणून राजेरजवाड्यांवरच्या चित्रपटांत इतिहास किती खरा असतो, हा प्रश्न मला केवळ अभ्यासकांचा वाटत नाही. शाळा सुटली की आपल्यापैकी बहुतेकांचे इतिहासाचे पुस्तकही सुटते, आणि पुढे अकबर, संभाजी महाराज किंवा बाजीराव भेटतात ते पडद्यावर. या चित्रपटांमागची साधने पाहत गेलो तेव्हा एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. पडद्यावरची चूक बहुतेक वेळा पडद्यावर जन्मलेली नसते, ती वारशाने आलेली असते.

या वारशाची एक उतरंड आहे. सर्वांत तळाशी अस्सल कागद, म्हणजे त्या काळातली पत्रे, सनदा, हिशेब, शकावल्या आणि परदेशी व्यापाऱ्यांच्या नोंदी. त्यावर बखर, म्हणजे बहुधा घटनेनंतर काही वर्षांनी, कधी शंभर वर्षांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली हकीकत. त्यावर पोवाडा, त्यावर नाटक आणि कादंबरी, आणि सर्वांत वर चित्रपट. प्रत्येक पायरीवर काही गळते आणि काही नवे भरते. दिग्दर्शक सहसा वरच्या पायरीवरूनच गोष्ट उचलतो, कारण तिथे ती रंगवून तयार असते. तळाच्या कागदापर्यंत उतरायला वेळ लागतो, मोडी किंवा फारसी वाचणारा माणूस लागतो, आणि मिळणारी माहिती पुष्कळदा दोन ओळींची असते.

माणूसच नसलेली गोष्ट

सुरुवात भारतातल्या सर्वांत गाजलेल्या राजदरबारी चित्रपटापासून करू. के. आसिफ यांचा 'मुघल-ए-आझम' ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात झळकला. राणी जोधाबाईच्या भूमिकेत आपल्या दुर्गा खोटे होत्या. शाहजादा सलीम, दासी अनारकली, बापलेकांचे युद्ध आणि भिंतीत चिणण्याची शिक्षा ही कथा आज कुणाला सांगावी लागत नाही.

आता तळाचा कागद पाहू. अबुल फजलच्या 'अकबरनामा'त अनारकली नाही. जहांगीरने, म्हणजे पुढे बादशहा झालेल्या सलीमने, स्वतः लिहिलेल्या आत्मचरित्रातही ती नाही. तिची गोष्ट येते ती विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याच्या टिपणांत. तो १६११ मध्ये लाहोरात होता आणि तिथे एक थडगे बांधले जात असताना त्याने लोकांकडून ऐकलेली हकीकत नोंदवली. त्या ऐकीव हकीकतीत ती दासी नव्हे, अकबराचीच एक बेगम आहे. ते अष्टकोनी थडगे लाहोरात आजही उभे आहे. त्यावर हिजरी सनाप्रमाणे कोरलेली दोन वर्षे इसवी सनात १५९९ आणि १६१५ अशी येतात. आत नेमके कोण चिरनिद्रा घेत आहे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

या बाजारगप्पेचे नाटक झाले १९२२ मध्ये. लाहोरचे लेखक इम्तियाज अली ताज यांनी 'अनारकली' लिहिले आणि कथानक दंतकथेवर आधारलेले असल्याचे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. पण नाटक लोकांना इतके भिडले की १९२८ मध्ये मूकपट, १९३५ मध्ये बोलपट, १९५३ मध्ये पुन्हा 'अनारकली' आणि शेवटी 'मुघल-ए-आझम' अशी रांगच लागली. ताज यांचा खुलासा मागे राहिला आणि अनारकली पुढे गेली.

सलीमने बापाविरुद्ध बंड केले हे मात्र पूर्ण खरे. १६०० च्या सुमारास त्याने अलाहाबादेत वेगळा दरबार मांडला आणि १६०२ मध्ये बापाचा जिवलग सल्लागार अबुल फजल याचा खून करवला. बंडाच्या आरंभी सलीम तिशी ओलांडलेला, अनेक बायकांचा नवरा आणि मुलाबाळांचा बाप होता. थोरला मुलगा खुसरो तेरा वर्षांचा होता, आणि पुढे शाहजहान झालेला खुर्रम आठ वर्षांचा. झगडा होता तख्ताचा. पन्नाशीच्या उत्तरार्धातला कर्तबगार बाप, वाट पाहून अस्वस्थ झालेला मुलगा आणि नातवांवरही डोळा ठेवून असलेला दरबार हे खरे नाट्य होते. चित्रपटाने त्याऐवजी प्रेमकथा सांगितली, आणि ती इतकी सुंदर सांगितली की खऱ्या बंडाचे कारणच लोकांच्या स्मरणातून पुसले गेले.

नाव चुकले आणि माणूसही हरवला

'मुघल-ए-आझम'मधल्या जोधाबाईवरच पुढे आशुतोष गोवारीकर यांचा 'जोधा अकबर' आला, फेब्रुवारी २००८ मध्ये. नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्यासाठी कर्जतजवळ आग्र्याचा किल्ला उभारला होता. लाल दगडाच्या भिंती, दिवाण-इ-आम, हत्तींची मैदाने हे सगळे आपल्या रायगड जिल्ह्यात. हा चित्रपट अभ्यास करून काढला होता हे जागोजागी दिसते. अकबराने १५६३ मध्ये हिंदूंवरचा यात्राकर रद्द केला ही त्यातली घटना कागदावर आहे. आमेरच्या राजा भारमलच्या मुलीशी अकबराचा विवाह १५६२ मध्ये सांभर येथे झाला, हेही खरे.

खरे नाही ते तिचे नाव. समकालीन फारसी साधनांत तिचे माहेरचे नाव येत नाही, येते ती मरियम-उज-जमानी ही पदवी. जोधबाई म्हणून ओळखली जाणारी राजकन्या वेगळी. ती जोधपूरच्या मोटा राजा उदयसिंहाची मुलगी, जहांगीरची बायको आणि शाहजहानची आई. म्हणजे लोकांच्या तोंडी सुनेचे नाव सासूला चिकटले. एकोणिसाव्या शतकात कर्नल टॉडच्या राजस्थानवरील ग्रंथाने हा घोळ पसरवला, असे अनेक अभ्यासक मानतात. चित्रपटाच्या आरंभी नावाबद्दल मतभेद असल्याची सूचना आहे, हे गोवारीकरांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण सूचना काही क्षण दिसते आणि नाव तीन तासांहून अधिक वेळ कानांवर पडते.

नावापेक्षा मला जास्त खटकते ते तिचे उरलेले आयुष्य न दिसणे. ही बाई समुद्रावर व्यापार करीत होती. 'रहीमी' नावाचे तिचे प्रचंड जहाज सुरतेहून लाल समुद्राकडे माल आणि हज यात्रेकरू घेऊन जात असे. १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी ते पकडले आणि गोव्याला नेले. जहाजाकडे पोर्तुगीजांचाच परवाना, म्हणजे कार्ताझ होता, तरीही. राजमातेचे जहाज लुटले गेले म्हणून जहांगीर खवळला, सुरतेत पोर्तुगीजांचा व्यापार बंद पाडला गेला आणि दमणला वेढा पडला. बादशहाची आई, अरबी समुद्र, गोव्यात अडकलेले जहाज आणि दोन सत्तांमधले वैर, एवढे सगळे कागदावर असताना आपल्याला ती आठवते ती केवळ नवऱ्याशी तलवारबाजी करणारी तरुण राणी म्हणून. पडद्यावर चुकीचे दाखवले जाते त्याची चर्चा होते. जे दाखवायचे राहून जाते त्याची होत नाही.

सिंहगडाची एक रात्र

आता घरात येऊ. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये मोगलांकडे गेलेल्या २३ किल्ल्यांपैकी कोंढाणा तानाजी मालुसरे यांनी परत घेतला आणि त्यात ते पडले. किल्लेदार उदेभान राठोडही त्याच झुंजीत मारला गेला. एवढे ठाम आहे, आणि एवढेच पुरेसे थरारक आहे.

या रात्रीवर किती थर चढले ते पाहा. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासद यांनी जिंजीत बखर लिहिली. ते जुन्या माणसांतले, म्हणून त्यांचे वजन मोठे. त्यांच्या हकीकतीत कडा चढून जाणारे मावळे आहेत, घोरपड नाही. एक गड मिळाला पण तानाजींच्या रूपाने दुसरा गमावला, अशा आशयाचा महाराजांचा उद्गार आहे. त्यात सिंहाचे नाव नाही. यशवंती घोरपड, रायबाचे लग्न, शेलारमामा यांची सविस्तर कथा रंगते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. १९०३ मध्ये हरि नारायण आपटे यांनी 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली आणि तिचे शीर्षकच मराठीत म्हण झाले. १९२३ मध्ये बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात 'सिंहगड' हा मूकपट काढला आणि १९३३ मध्ये व्ही. शांताराम यांनी बोलपट. २०२० मध्ये ओम राऊत यांचा 'तान्हाजी' आला.

तानाजींच्या बलिदानामुळे कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले, असे आपण सगळेच शिकलो. पण १६६३ च्या एप्रिलमधल्या शिवाजी महाराजांच्या पत्रात या किल्ल्याचा उल्लेख सिंहगड असाच आहे. पत्र मोरोपंत पिंगळे आणि निळो सोनदेव यांना आहे आणि गडावर फितव्याचा संशय आल्याने तातडीने तिकडे जाण्याबद्दलचे आहे. तानाजी पडण्याच्या सात वर्षे आधी नाव आलेले आहे. यामुळे तानाजींचे मोल तसूभरही कमी होत नाही. सिंहगड नावाच्या किल्ल्यावर सिंहासारखा माणूस पडला म्हणून ते नाव लोकांच्या काळजात रुजले, एवढाच त्याचा अर्थ.

२०२० च्या चित्रपटाने या थरांवर आणखी एक थर चढवला. उदेभान 'नागीण' नावाची राक्षसी तोफ कोंढाण्यावर चढवतो आणि तिचे तोंड राजगडाकडे वळवतो. सिंहगडावरून स्वच्छ दिवशी राजगड दिसतो हे खरे, पण दोन्ही गडांमधले अंतर सरळ रेषेतही सुमारे १५ किलोमीटर आहे. सतराव्या शतकातली कोणतीही तोफ तिथवर गोळा पोहोचवू शकत नव्हती. या तोफेने केले काय, तर लढाईचे कारणच बदलले. खऱ्या इतिहासात कोंढाण्याचे महत्त्व त्याच्या जागेत होते. पुण्याच्या मुलखावर नजर ठेवणारा गड शत्रूच्या हाती राहिला तर स्वराज्याचा उंबरठाच शत्रूकडे राहतो, हा महाराजांचा हिशेब होता. हा हिशेब प्रेक्षकाला समजला असता तर महाराज राजकारणी म्हणून किती खोल होते हे कळले असते. तोफ आली आणि तो हिशेब झाकला गेला.

एका आकसाचा दीडशे वर्षांचा प्रवास

वारशाने आलेली चूक किती घातक ठरते, याचे सर्वांत वेदनादायी उदाहरण छत्रपती संभाजी महाराजांचे आहे. १६८१ मध्ये महाराजांविरुद्ध कट उघडकीस आला आणि त्यात बाळाजी आवजी चिटणीस यांना देहान्त शिक्षा झाली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे सुमारे १३० वर्षांनी, त्याच घराण्यातल्या मल्हार रामराव चिटणीस यांनी बखर लिहिली. तिच्यात संभाजी महाराज व्यसनी आणि उतावळे रंगले. बखर उपलब्ध होती, वाचनीय होती, म्हणून नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी तीच उचलली. रंगभूमीवरचे संभाजी महाराज मद्याचा पेला हातात घेऊन वावरू लागले. त्याच वातावरणात १९४१ मध्ये भालजी पेंढारकरांचा 'थोरातांची कमळा' आला. भालजींची शिवभक्ती निर्विवाद होती. त्यांनी इतिहास प्रेमाने पडद्यावर आणला, पण हाताशी आलेली कथा दंतकथेतली होती.

ही प्रतिमा पुसायला वा. सी. बेंद्रे यांची कित्येक दशके गेली. त्यांनी फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि मराठी कागद जमवले आणि १९६० मध्ये संभाजी महाराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले. पुढे डॉ. कमल गोखले यांनी १९७१ मध्ये 'शिवपुत्र संभाजी' लिहिले. या अभ्यासातून उभे राहिले ते संस्कृतात 'बुधभूषण' रचणारे, मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा तिन्ही आघाड्यांवर जवळपास नऊ वर्षे लढणारे छत्रपती. १६८३ मध्ये त्यांची फौज गोव्याच्या दाराशी येऊन ठेपली, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपला अधिकारदंड ठेवून रक्षणाची प्रार्थना केली होती. एवढे दृश्य कोणत्या पटकथालेखकाला सुचले असते?

आज लंबक दुसऱ्या टोकाला गेला आहे. शिवाजी सावंत यांच्या १९७९ च्या 'छावा' कादंबरीवर बेतलेला हिंदी चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत आला आणि देशभर संभाजी महाराजांचे नाव पोहोचले. त्याचा आनंद आहेच. पण झलक आल्यावर चर्चा रंगली ती महाराज लेझीम खेळताना दाखवावेत की नाही याची, आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढून टाकले. लेझीम खेळणे हा काही दोष नव्हे. पडद्यावरचे बाकीचे प्रसंग कोणत्या कागदावर उभे आहेत, हा प्रश्न त्या गदारोळात फार थोड्यांनी विचारला.

बाजीराव, मस्तानी आणि राहून गेलेला मुलगा

'बाजीराव मस्तानी'ची पायरीही कादंबरीच आहे, ना. सं. इनामदार यांची 'राऊ'. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात ते 'पिंगा' गाणे आले तेव्हा महाराष्ट्रात नाराजी उमटली. अठराव्या शतकातल्या पेशवे घराण्यातली थोरली सून लोकांसमोर असे नृत्य करील हे संभवत नाही, ही तक्रार रास्तच होती.

पण शेवट पाहा. चित्रपटात बाजीराव नर्मदेकाठी तापाच्या भ्रमात आणि मस्तानी पुण्यात साखळदंडात, दोघे एकाच क्षणी प्राण सोडतात. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव रावेरखेडीला वारले हे खरे. घरच्या मंडळींनी त्याआधी मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवले होते, हेही खरे. शेवटच्या दिवसांत काशीबाई रावेरखेडीला नवऱ्याजवळ होत्या.  मस्तानी मात्र त्याच क्षणी नव्हे, त्यानंतर लवकरच गेली. तिची कबर पाबळला आहे.

गोष्ट तिथे संपत नाही. मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर पेशव्यांच्याच घरात वाढला. त्याला जहागीर मिळाली, फौजेत मान मिळाला. १७६१ मध्ये पानिपतावर तो लढला, जखमी झाला आणि त्या जखमांनी भरतपूरच्या आश्रयाला गेला असताना वारला. त्याचे वंशज बांद्याचे नवाब झाले. ज्या घराने आईला स्वीकारले नाही, त्याच घरासाठी मुलाने प्राण दिला. यापेक्षा हृदय हलवणारा शेवट कोणता असू शकतो? कागद रूक्ष असतात असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी समशेर बहादूर आठवायला सांगतो.

चेहरा, पोशाख आणि भाषा

माणसे आणि घटनांइतकाच प्रश्न वस्तूंचाही असतो. एकेकाळी शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र छापले जाई, ते मुळात इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचे होते. ही चूक बेंद्रे यांनीच दाखवून दिली आणि १९३३ मध्ये डच साधनांतले महाराजांचे चित्र प्रसिद्ध केले. आपण आज जी मुद्रा महाराजांची म्हणून ओळखतो, ती अशा शोधातून आलेली आहे.

भाषेच्या बाबतीत मात्र चित्रपटाला मोकळीक दिलीच पाहिजे. अकबराच्या दरबाराचे कागद फारसीत चालत, चित्रपट उर्दूत बोलतो. शिवकाळातल्या पत्रांची मराठी फारसी शब्दांनी इतकी भरलेली होती की महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून सुमारे चौदाशे शब्दांचा 'राजव्यवहारकोश' करवून घेतला. ती मराठी आज तशीच ऐकवली तर प्रेक्षकाला निम्मी कळणार नाही. बोली बदलली तरी माणूस बदलत नाही. कारण बदलले, कर्तृत्व बदलले, चारित्र्य बदलले की माणूस बदलतो.

दुखावणे आणि चुकणे

आपल्याकडे या विषयावर बोलणे सुरू झाले की ते लगेच भावना दुखावण्यावर घसरते. 'पद्मावत' या चित्रपटाचे काय झाले ते आठवा. अलाउद्दीन खिलजीने चितोड घेतले १३०३ मध्ये. मलिक मुहम्मद जायसी यांनी 'पद्मावत' हे काव्य लिहिले १५४० मध्ये, म्हणजे २३७ वर्षांनी. मोहिमेत सोबत असलेल्या अमीर खुस्रोने चितोडच्या वेढ्याची हकीकत लिहिली, पण चितोडची राणी म्हणून गाजलेल्या पद्मिनीचे नाव घेतले नाही. यावर शांतपणे बोलता आले असते. त्याऐवजी २०१७ मध्ये जयपूरच्या सेटवर हल्ला झाला आणि मार्चमध्ये आपल्या पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरचा सेट जाळण्यात आला. त्याच पठाराच्या वाटेने १६६० च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून विशाळगडाकडे निसटले होते. त्या जागेचा इतिहास ज्यांना ठाऊक होता, त्यांना ती आग दुप्पट लागली.

इतिहासाची चूक जाळपोळीने दुरुस्त होत नाही. ती दुरुस्त झाली आहे ती बेंद्र्यांसारख्या माणसांच्या टेबलावर, कागदासमोर कागद ठेवून.

मग दिग्दर्शकाने करावे काय? माझे मत सरळ आहे. कागद जिथे गप्प आहेत ती जागा कलावंताची. महाराज आणि जिजाऊ एकांतात काय बोलले असतील, काशीबाईंनी मस्तानीकडे पहिल्यांदा कसे पाहिले असेल, हे कल्पनेनेच लिहावे लागते आणि चांगला लेखक ते जबाबदारीने लिहितो. कागद जिथे बोलतात, तिथे मात्र त्यांचे ऐकले पाहिजे. घडलेल्या घटनेचे कारण बदलू नये, एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या पदरात टाकू नये आणि मेलेल्या माणसाच्या चारित्र्यावर पुराव्याशिवाय बोट उचलू नये. आणि चित्रपट संपल्यावर, प्रेक्षक खुर्चीतून उठण्याआधी, आपण काय कल्पिले आणि काय साधनांतून घेतले हे दोन मिनिटे स्पष्ट सांगावे. ताज यांनी १९२२ मध्ये नाटकाबद्दल ते सांगितले होते. आजच्या निर्मात्यांना ते सहज करता येईल.

प्रेक्षकांनाही काही करता येते. चित्रपट पाहून घरी आलात की तीन प्रश्न विचारा. हा माणूस खरोखर होता का? ही घटना घडली असेल तर तिचे कारण हेच होते का? आणि हे सांगणारा त्या काळातला आहे की शंभर वर्षांनंतरचा? उत्तरे शोधायला आपल्याला दूर जायला नको. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात आहे. रियासतकार सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड जुन्या ग्रंथालयांत आजही सापडतात. सभासदाची बखर छोटी आहे, एका रविवारी वाचून होते.

शनिवारवाड्यातल्या त्या मुलीच्या वडिलांना मला तेव्हा सांगायला हवे होते, ते इथे सांगतो. चित्रपट मुलांना जरूर दाखवा. त्यातूनच त्यांच्या मनात प्रश्न उगवतो. मग त्यांना राजा दिनकर केळकर संग्रहालयात घेऊन जा. वाड्यापासून ते चालत जाण्याइतके जवळ आहे. तिथे कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल आहे. पडद्यावरच्या महालापेक्षा तो खूप लहान आहे. पण त्याचे लाकूड खरे आहे.